ठाकुराला दिलेला शब्द

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत एक आजोबा माझ्या शेजारी बसले. पांढरी टोपी, मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि हातात मोबाईल. त्यावर जुना हिंदी भुताचा सिनेमा, पूर्ण आवाजात. लग्नाची पोर मागं ठेवून मेलेला ठाकूर स्वतःच्याच हवेलीत दारं आपटत फिरत होता. हे मात्र आजारी पाहुण्याकडं बघावं तसे त्याच्याकडं बघत होते.

"घरच्यांनी ह्याचं दहाव्याचं नीट केलेलं न्हाई," ते मला म्हणाले. "कावळा शिवला नसंल. त्याबिगर कोन असं हिंडंल?"

आमच्याकडं कावळा पिंडाला शिवेना, की मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू असा शब्द कुणीतरी देतं. ठाकुराला तो कुणी दिलेला दिसत नव्हता. लोहा मागं पडलं तशी यांनी टोपी सारखी केली, मोबाईलपुढं हात जोडले आणि म्हणाले, "ठाकूरसाहेब, पोरीची काळजी करू नका. तिचं लगीन आम्ही लावून देताव."

ठाकूर तिथल्या तिथं नाहीसा झाला. मोबाईलच काळा पडला.

"चार्जिंग संपलं," मी म्हणालो.

"हाव. पन गेले न्हवं?" त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. "आता पोरीचं बघावं लागंल. तुमच्यासमोर शब्द दिलाय."

लातूरला ते त्याच काळजीत उतरले.

घरी येऊन मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. पोरीचं लग्न होतं. स्थळही बरं आहे. हे त्यांना कळवायला हवं, पण नाव विचारायचंच राहून गेलं.