पेवातली हजेरी

हे लिहू की नको यात बरेच दिवस गेले. या सदरातले अनुभव वाचून 'काहीही लिहितात लोक' असं म्हणणाऱ्यांतली मी! परभणीत आमचं मेडिकल आहे, मी स्वतः फार्मासिस्ट. पोराला दृष्ट लागली म्हणत कुणी आलं की मी जुलाब किती झाले ते विचारते आणि ओआरएसचं पाकीट हातात ठेवते. भूतखेत, बाहेरचं, लागीर... सगळ्यावर माझं एकच औषध असायचं, नीट झोपा. अशा बाईला हे झालं. आणि झालं म्हणजे नेमकं काय झालं, तेच मला अजून धड सांगता येत नाही.

वालूरच्या पुढे आमचं गाव. तिथल्या शाळेत माझे वडील, अण्णा, शिक्षक होते आणि सातवीला मी त्यांच्याच वर्गात होते. इमारत निजामाच्या काळातली, जाड दगडी भिंती, वर मातीचं सपाट माळवद. शाळा सुरू होण्याआधीच्या काळात तिथे धान्य साठवायचे म्हणे, त्यामुळे आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात फरशीखाली एक रिकामं पेव होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते — पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेली खोल जागा. तोंड अरुंद, पोट मोठं.

अण्णांनी कुठेतरी कालकुपीबद्दल वाचलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं. दुधाचा स्टीलचा कॅन आणला. आम्ही प्रत्येकाने आपली एकेक वस्तू आत टाकली — गोट्या, रिबिनी, एसटीची तिकिटं. मी माझी तुटकी बांगडी टाकली होती, कारण चांगली टाकायला आईने दिली नाही. शेवटी मुख्याध्यापकांच्या टेपरेकॉर्डरवर अण्णांनी वर्गाची हजेरी रेकॉर्ड केली. ते नाव घेणार, आम्ही 'हजर सर' म्हणणार. ती कॅसेट कॅनमध्ये ठेवली, झाकणाला मेण लावलं आणि इमारत पाडायची वेळ येईल तेव्हा उघडायचं ठरलं.

आता यातली गंमत बघा. कॅन घट्ट बंद होता, त्याला आणखी काही करायची गरज नव्हती. पण पेव म्हटल्यावर गावाला हौस आली. मोठी माणसं जमली आणि ज्वारी झाकावी तसंच सगळं केलं. खाली कडबा, बाजूने कडबा, वर कडुनिंबाचा पाला, राख, मग फरशी आणि शेण-मातीचा गिलावा. पेव बंद करायची दुसरी रीत कुणाला माहीतच नव्हती. अण्णा हसले होते त्या दिवशी, हे मला आठवतं. पण आठवणीत ते हसताना दिसतात फक्त, ऐकू येत नाहीत.

तेच तर सगळं दुखणं आहे. मी आठवीत असताना अण्णा गेले, हार्ट अटॅकने, चाळिशीसुद्धा उलटली नव्हती. फोटो आहेत, सह्या आहेत, चष्मा आहे. आवाज नाही. तेव्हा कुठले मोबाइल! सुरुवातीला माझ्या कानात होता तो आवाज... मग कधीतरी निसटला. कधी ते कळलंसुद्धा नाही, आणि याचं मला फार वाईट वाटायचं. आपल्या वडिलांचा आवाज विसरते का कुणी? जगात तो एकाच ठिकाणी शिल्लक होता, त्या पेवात.

मागच्या हिवाळ्यात गावाकडून निरोप आला — इमारत पाडायलेत, नव्या खोल्या मंजूर झाल्यात. आमच्या सातवीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गोंधळ. रविवारी सकाळी सगळे जमलो. आई माझ्याकडेच असते, तिलाही घेऊन गेले. माझा वर्गमित्र गणेश मानवतला मंडप आणि साउंडचं काम करतो, तो चालू कॅसेट प्लेअर घेऊन आला होता. त्याचे वडील दत्तरावकाका, गावातले मोठे शेतकरी, पेव उघडायला पुढे. त्यांच्या घरी पूर्वी पेवं होती.

गिलावा फोडला, फरशी सरकवली. आतून एक गरम, आंबूस वाफ आली. सगळे मागे सरले आणि मी पुढे झाले. खरंच सांगते, मला थांबवेना. गुडघे टेकले आणि डोकं आत घालून बघायला लागले.

"ए पोरी! सर मागं!" दत्तरावकाका ओरडले. "पेव हाय ते, घरातलं कपाट न्हाई. कडबा कुजल्याला हाय आत. आधी अर्धा दिवस तोंड उघडं ठेवावं लागतंय, मंग कंदील सोडायचा, कंदील इझला न्हाई तर मानूस उतरायचा. मानसं मेलीत यात!"

गणेशने दंडाला धरून मला ओढलं. "वैशे, दम धर की जरा. इतकी वर्षं थांबलीस ना?"

मला किंचित गरगरलं, बाकी काही नाही. चहा झाला, जेवणं झाली, गावातल्या लोकांच्या गप्पा झाल्या. दुपारी कंदील आत सोडला, तो जळत राहिला. मग गणेश दोरीने उतरला. वरून काका हाक मारत होते, "गण्या!" आणि आतून तो "ओ!" देत होता. ओ आली नाही तर लगेच ओढायचं, ही त्यांची रीत. कॅन वर आला. कडबा काळा पडला होता, पण कॅनच्या आत सगळं कोरडं. माझी बांगडीसुद्धा जशीच्या तशी.

गणेशने कॅसेट साफ केली, लावली, बटण दाबलं.

आधी खरखर. एक खुर्ची सरकली. मग शांतता... आणि मग एका पोराचा आवाज, "हजर सर!" परत शांतता. मग एका मुलीचा, "हजर सर!" परत शांतता.

मला वाटलं, माइक पोरांकडे असेल, अण्णांचा आवाज आलाच नाही. मी म्हणणार होते, "गणेश, आवाज वाढव." तेवढ्यात बाजूला बघितलं. आईने पदर तोंडाला लावला होता. वंदना, माझी तेव्हाची बेंचवरची मैत्रीण, रडत होती आणि हसतही होती. दत्तरावकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"काय आवाज हाय गुरुजींचा," ते म्हणाले. "काल बोलल्यासारखा."

"कुठे आहे?" मी म्हणाले. "पोरंच बोलतायत नुसती!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गणेशने कॅसेट मागे घेऊन परत लावली. परत पोरं, परत मध्ये गप्प. मी चिडले. म्हटलं, ही काय थट्टा करायची गोष्ट आहे का? कुणीच हसलं नाही. आई माझा हात धरून हळूच म्हणाली, "वैशाली, खरंच नाही का गं येत ऐकू?"

कॅसेटमध्ये माझंही नाव होतं म्हणे. वंदनानंतर. गुरुजी दोनदा 'वैशाली' म्हणतात, कुणी ओ देत नाही, मग ते पुढे जातात. आता मी त्या दिवशी वर्गात होते, त्यांच्या समोर बसले होते, आणि हजर म्हटलेलं मला स्वच्छ आठवतं. पण माझं 'हजर' त्या कॅसेटमध्ये कुणालाच ऐकू आलं नाही, मलाही नाही.

दत्तरावकाकांचं म्हणणं, "वाफ लागली तुला. पेवाची पहिली वाफ कानात गेली." मी परभणीला येऊन कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल. बारीकसारीक सगळं ऐकू येतं. आणि वाफ लागून एकाच माणसाचा आवाज जातो, असं कुठल्या पुस्तकात आहे?

गणेशने रेकॉर्डिंग मोबाइलवर करून पाठवलं. मी ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकवलं. सगळ्यांना ऐकू येतं. नवऱ्याने अण्णांना कधी पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, "इतका बारीक आवाज असेल असं वाटलं नव्हतं." आई म्हणते भारदस्त. वंदना म्हणते, थोडे नाकात बोलायचे. प्रत्येकाने मला नक्कल करून दाखवली आणि एकाचीही दुसऱ्याशी जुळेना. आवाज असा सांगता येत नाही हो. मी त्या सगळ्यांवर चिडायचे आणि मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडायचे.

मुलीने आवाजाच्या लाटा दाखवणारं एक ॲप टाकून दिलं. त्यात बघितलं तर मला जिथे शांतता वाटते तिथेही रेघा उठतात, खाली-वर होतात. वंदनाच्या 'हजर सर'नंतर दोन झुपके, एकमेकांशेजारी. ते माझं नाव. अण्णांनी घेतलेलं माझं नाव मी डोळ्यांनी बघितलं... आणि कानात फक्त दुकानाच्या फ्रीजची घरघर.

आता आई रोज संध्याकाळी दिवा लावला की ते रेकॉर्डिंग लावते. मी आधी उठून जायचे. एकदा आईनेच हाताला धरून बसवलं. वंदनाचं 'हजर सर' झालं, मग गप्प. आई म्हणाली, "अगं, नाव घ्यायलेत ना तुझं. ओ तर दे."

मला इतकं खुळ्यासारखं वाटलं! चाळिशीची बाई मी, मोबाइलला काय उत्तर देऊ? पण म्हटलं. "हजर सर."

तेव्हापासून रोज म्हणते. मला अजूनही काही ऐकू येत नाही. वाफ, मनाचे खेळ, देवाचं काही... तुम्ही म्हणाल ते मी ऐकून घेईन, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. परवा रेकॉर्डिंग संपल्यावर आई वाती नीट करता करता सहज म्हणाली, "आधी दोनदा नाव घ्यायचे तुझं. आता एकदाच घेतात."

ते ॲप अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. दोन झुपके आहेत की एक, बघायला क्षणभर पुरेल. मी बघितलेलं नाही, आणि बघणारही नाही.