पेपरात आलेली मोटार

पाचवीतून शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, वाचायला येतं तेवढं पुरे, उपाशी मरणार नाहीस. त्यांनी माझी समजूत काढायला म्हटलं असेल, पण अंबरनाथला ते शब्दशः खरं झालं. माणदेशातून येऊन मी कारखान्यात लागलो आणि राजापूरकडच्या एका मावशींच्या खानावळीत जेवू लागलो. तिथल्या दहा-बारा जणांत पेपर वाचता येणारा मी एकटा. संध्याकाळी पानं वाढायच्या आधी मी मोठ्याने पेपर वाचायचा आणि मावशींनी माझ्या ताटात बांगड्याचा एक तुकडा जास्त टाकायचा, असं न बोलता ठरून गेलं. पेपर न्हाव्याच्या दुकानातला, त्याची गिऱ्हाइकं वाचून झाल्यावरचा, म्हणजे कालचा. अवघड जोडाक्षर आडवं आलं की मी खोकायचो. हा खोकला जात कसा नाही म्हणून मावशी मला आल्याचा काढा पाजत.

घरापासून इतक्या लांब कुणी आपल्या खोकल्याची काळजी करतं, याचं मला फार वाटायचं. आणि जे आहे ते उद्या जाईल, अशी धास्तीही कायम असायची. कुणी सातवी पास माणूस जेवायला आला तर माझं काय, हा विचार करत मी नव्या माणसाच्या खिशाला पेन आहे का ते आधी बघायचो.

सातवी पास कुणी आला नाही. रेडिओ आला.

समोरच्या चहाच्या हॉटेलचा मालक सिंधी. त्याने तो निर्वासितांच्या कॅम्प दोनमधल्या बाजारातून टांग्यात मांडीवर बसवून आणला. छपरावर बांबू, बांबूला तार. बटण फिरवल्यावर आत दिवा लागायचा आणि पेटी तापेपर्यंत सगळे श्वास रोखून उभे. एक चहा घेतला की बातम्या संपेपर्यंत बाकावर बसायची मुभा. आठवड्यात खानावळीतली निम्मी माणसं तिकडे. जी उरली ती मला म्हणू लागली की मास्तर, हे तर काल रेडिओवर झालं. हॉटेलवालाही मला बघून हात जोडायचा, “आओ अखबारवाले साईं, ताजा खबर सुनो.” त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून जास्त लागायचं.

मग एकदा बदलापूर गावचा शेतकरी, जो मावशींना तांदूळ आणून द्यायचा, सहज म्हणाला की ह्या रेडिओत समद्या दुनियेचं सांगत्यात, आमच्या बदलापूरचं कंदी सांगत नाय. मी पेपरात बघत म्हणालो, थांबा, इथे आहे. आणि वाचलं: बदलापूर परिसरात यंदा भाताचं पीक उत्तम.

तो उठून उभाच राहिला. “बराबर हाय. माजंच शेत बगून लिवलंय.”

दुसऱ्या दिवशी बाक रिकामे आणि खानावळ भरलेली. मग मला थांबता येईना. कुणाच्या गावी विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या देवळाला कळस चढला. खरी बातमी वाचताना मी खोकायचो, ह्या बातम्या मात्र अडखळल्याविना वाचायचो.

राहिल्या मावशी. त्यांनी मागितलं काहीच नव्हतं, म्हणून त्यांना सगळ्यात चांगली बातमी द्यावी असं माझ्या मनात आलं. त्यांचं गाव बंदरापासून चार कोस, सगळा चढ. गुडघे धरल्यापासून आठ वर्षांत त्या आईला भेटल्या नव्हत्या. मी वाचलं की बंदरापासून त्यांच्या गावापर्यंत सर्व्हिस मोटार सुरू झाली.

मावशी हातातली पळी उलटी धरून आमटी वाढायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टकार्ड आणलं आणि माझ्याचकडून आईला लिहून घेतलं की पौर्णिमेला बोटीने येते, पुढे मोटारीने, तू वाटेवर येऊन बस. मी लिहिलं. टपालपेटीत टाकलंही मीच. कार्ड आत पडल्याचा आवाज ऐकला आणि पेटीत हात घालून बघितला, पण मनगटापुढे तो जाईना.

पौर्णिमा चार दिवसांवर आली तसं मी एक मार्ग काढला. पूल खचल्याने मोटार बंद, असं वाचून दाखवलं. मावशी लुगड्याचा पदर खोचून थेट समोरच्या हॉटेलात गेल्या. आजवर त्यांनी तो रस्ता कधी ओलांडला नव्हता. हॉटेलवाल्याने गाणी बंद करून त्यांना खुर्ची दिली. बातम्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, “त्या पेटीला आमचा गाव ठाऊकच नाही रे. तू नीट बघ, कुठला पूल खचला ता.”

इतका विश्वास मला झेपला नाही.

“मावशी, पूल नाही. मोटारही नाही. पेपरात नव्हतंच ते.”

“मग कुठे होतं?”

“माझ्या तोंडात.”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “बदलापूरचं भात?”

“तेही.”

“मेल्या, तो बिचारा चार गावांत सांगत फिरतोय.” एवढंच. त्या दिवशीही त्यांनी ताट वाढलं, जास्तीच्या तुकड्यासकट, आणि तो गिळणं मला काढ्यापेक्षा जड गेलं.

सकाळी कारखान्यात निघालो तर हाक आली. बोटीची दोन तिकिटं काढायची होती. दोन कशाला, मी विचारलं.

“म्हातारी वाटेवर येऊन बसणार. मोटार नाही, मग ट्रंक काय तुझा पेपर वाहील?”

ज्याने समुद्र कधी बघितला नव्हता अशा माणसाचं बोटीवर काय होतं, ते लिहीत नाही. बंदरावरून पहाटे निघालो. दर अर्ध्या कोसाला मावशी दगडावर बसायच्या, गुडघे चोळायच्या आणि मला विचारायच्या की मोटार पंक्चर झाली काय. मी डोक्यावरची ट्रंक सावरत चाललो. तिसऱ्या कोसानंतर मला उत्तर द्यायलाही दम नव्हता.

दुपार कलताना वळणावर माणसं दिसली. अख्खी वाडी जमली होती. मोटार तिथे कुणीच बघितलेली नव्हती, म्हणून पोरांसोरांसकट सगळे मोकळ्या रस्त्याकडे डोळे लावून उभे. मधे एका दगडावर मावशींची आई. मावशी तिच्यापुढे बसल्या तेव्हा दोघी बराच वेळ एकमेकींचे हातच चाचपत राहिल्या. मग म्हातारीने विचारलं, मोटार कुठाय.

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. “ही काय.”

म्हातारीने मला ट्रंकेसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला म्हणाली, “गाडीला आधी पाणी लागतं म्हणतात. जा, कळशी घेऊन ये.”