मराठीतलं कोड, हिंदीतला कोढ

“कोड म्हणालात की कोढ? मराठीत सांगताय की हिंदीत?”

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना असं विचारलं, तेव्हा ह्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी पगडी सारखी केली. सरदारांच्या घरी फोटो काढायला जाताना घालतात ती पगडी. बायकोला महारोग झालाय असं सांगायला निघालेला माणूस आधी ठेवणीतली पगडी शोधतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. दिसायला वाईट, पण ना दुखणं ना लागण. हिंदीत कोढ म्हणजे महारोग. फरक अर्ध्या अक्षराचा. त्या अर्ध्या अक्षरापायी माझी अडीच वर्षांची मनू पाच आठवडे माझ्यापासून तोडली होती, आणि मला गावाबाहेर कुठे ठेवायचं याची बोलणी घरात माझ्यादेखत चालली होती.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात करून बोटांच्या पेरांवरच्या पांढऱ्या डागांवर फिरवली. “कळतंय?” कळत होतं. मग टाचणी टोचली. मी अशी ओरडले की बाहेरचा कंपाउंडर डोकावून गेला.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “महारोगाचा डाग बधिर असतो. त्याला अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे स्पर्शच कळत नाही. या बाईंना तर जरा जास्तच कळतंय.”

तरी खात्रीसाठी कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन त्यांनी काचेवर काहीतरी टिपून घेतलं. दोन दिवसांनी या म्हणाले. मग माझे दोन्ही हात उजेडाकडे धरून, उलटेपालटे करून बराच वेळ बघितले आणि म्हणाले, “हे ऑक्युपेशनल डर्मटायटिस वाटतंय. ऑक्युपेशन म्हणजे धंदा, डर्मटायटिस म्हणजे कातडीचा दाह. कामानं भाजलेली कातडी. काय काम करतात या?”

“काम कसलं? घरीच असते. स्वयंपाकपाणी,” हे म्हणाले.

हेच उत्तर ह्यांनी हजीरा भागातल्या वैद्याला दिलं होतं. हेच दाल बाजारातल्या जाऊबाईंना. तोवर मी गप्प बसले होते. तो मूर्खपणा माझा, कबूल करते. त्या दिवशी मात्र मनू डोळ्यांसमोर आली आणि तोंडातून निघून गेलं, “फोटो मी धुते. सगळे. सात वर्षं झाली.”

ह्यांचा चेहरा असा झाला की जणू मी दवाखान्यात उभी राहून ह्यांचं धोतर सोडलं.

आता आधीचं सांगते. आमचा स्टुडिओ ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात. पुढे खुर्ची, पडदा, कागदी फुलांची कुंडी आणि हे. “हुजूर, ज़रा इधर,” “सरकार, ठुड्डी ऊपर,” हा ह्यांचा धंदा. मागे जिन्याखाली अंधारी खोली, लाल कंदील, चिनी मातीचे तीन ट्रे आणि मी. फोटोच्या पुठ्ठ्यावर ठप्पा ह्यांच्या नावाचा, कौतुक ह्यांचं, “क्या हाथ है आपका” हे सुद्धा ह्यांनाच. हात कुणाचा ते कुणाला ठाऊक!

पहिल्या ट्रेमध्ये डेव्हलपर. त्यात कागद बुडवला की कोऱ्या कागदावर हळूहळू माणूस दिसायला लागतो. त्या पाण्यात मेटॉल नावाची भुकटी असते. कागद चिमट्यानं धरून हलवावा, असं भुकटीच्या डब्याबरोबर आलेल्या कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. हे म्हणायचे, “चिमटा मजूर वापरतात. कलावंत बोटांनी हलवतो. बोटांना कळल्याशिवाय चित्राला जीव येत नाही.” वाक्य ह्यांचं. बोटं माझी.

आणि मीही त्या वाक्याला भुललेच. नखं तपकिरी झाली की आरशात बघावं तसं बघायची. वाटायचं, आपणही कलावंत. घ्या कला!

वैशाखात सुरू झालं. ग्वाल्हेरचा वैशाख म्हणजे ट्रेमधलं पाणीसुद्धा तापतं. आधी बोटांच्या बेचक्यात खाज. मग पाण्याच्या थेंबासारखे बारीक फोड. ते फुटले, पाझरायला लागले, पेरांवर चिरा पडल्या. चुकून डोळ्याला हात लागला तर पापणी सुजायची. सगळ्यात वाईट पाटल्यांच्या खाली. तिथे डेव्हलपर साचून राहायचा आणि वाळायचा नाही. पाटल्या काढून काम करते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, “सवाष्णीनं हात मोकळे? माझा मुलगा जिवंत आहे म्हटलं!” त्यांचा मुलगा जिवंत राहावा म्हणून माझं मनगट सडत होतं. मुलाला मात्र कधी साधं पडसंही झालं नाही.

त्यावर सोवळं. फोटोच्या कागदावर हाडांपासून केलेला सरस असतो, असं सासूबाईंनी कुठून तरी ऐकलं होतं. मग अंधाऱ्या खोलीतून स्वयंपाकघरात येताना हात राखेनं आणि चिंचेनं घासायचे. दिवसातून चार वेळा, भांडी घासतात तसे. हो, खरंच त्याच राखेनं.

वैद्यबुवांनी विचारलं, काय काम करते? हे म्हणाले, घरकाम. वैद्यबुवांनी गरमी ठरवली, मग खरूज ठरवली आणि गंधकाचं मलम दिलं. सोललेल्या कातडीवर गंधक! त्या महिन्यात मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वैद्य खोटं बोलला नाही हो. त्याला जे सांगितलं त्याच्यावर त्यानं औषध दिलं. खोटं आम्हीच घरून बाटलीत भरून नेलं होतं.

श्रावणात मला ताप आला, दोन-तीन आठवडे काम बंद पडलं, आणि नवल असं की हात आपोआप सुकायला लागले. तेव्हाच कळायला हवं होतं. बाळंतपण सोडलं तर सात वर्षांत पहिल्यांदा हाताला सुट्टी मिळाली आणि हात बरे झाले, यात कोडं ते काय? पण घरात विचार करायचं काम ह्यांचं होतं. ते त्या वेळी नवीन पडदा कुठल्या रंगाचा घ्यावा याचा विचार करत होते.

फोड गेले तिथे पांढरे डाग राहिले. सासूबाईंनी ते बघितले आणि पाणी भरणाऱ्या कहारणीला, रामकलीला, सांगितलं. सासूबाईंचं मराठी ऐंशी वर्षं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहिलेल्या घराचं. कहारणीशी बोलताना क्रियापद हिंदी, बाकी जे तोंडाला येईल ते. “हमारी बहू के हाथ पे कोड उठा है,” म्हणाल्या.

रामकलीनं घागर होती तिथे ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मिश्रांकडे, समोरच्या हलवायाकडे, देवळात, सगळीकडे झालं, फोटोवाल्यांच्या सुनेला कोढ. चौथ्या दिवशी सासूबाई देवळातून रडत आल्या. “लोक म्हणतायत तुला महारोग झालाय गं!” म्हणाल्या. स्वतःच बाहेर सोडलेला शब्द स्वतःच्याच दारात परत आला, तर ह्या बाईला ओळखू येईना. मी म्हटलं, “तुम्हीच ना कोड म्हणालात?” तर म्हणाल्या, “मी म्हटलं ते वेगळं. पण इतके लोक म्हणतायत ते काय उगाच?”

आता यावर काय बोलणार! डोक्यावर हात मारून घ्यावा, तर हातालाच बंदी.

त्याच संध्याकाळी थोरल्या जाऊबाई टांगा घेऊन आल्या आणि मनूला दाल बाजारातल्या आपल्या घरी घेऊन गेल्या. “पोरीचा जन्म का नासवायचा?” असं म्हणाल्या. हे दाराशी उभे होते. पाच आठवडे मी दाल बाजारात जाऊन मनूला त्यांच्या चौकातून लांबूनच बघत होते. माझ्या हातानं तिचं नाक पुसणं नाही, वेणी घालणं नाही. शेवटी एक दिवस सासूबाईंना म्हटलं, मला गावाबाहेर टाकायचं तर टाका, पण आधी डॉक्टरनं तसं म्हटलं पाहिजे. मी चालत निघाले. बायको एकटी रस्त्यानं चालली तर लोक काय म्हणतील, म्हणून हे मागून आले. पगडी घालून.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. सेन्सिटायझेशन असा शब्द त्यांनी सांगितला. म्हणजे काय, तर कातडी एखादी वस्तू वर्षानुवर्षं सोसते आणि एक दिवस तिला वैरी ठरवते. एकदा वैर धरलं की मग थेंबभरही चालत नाही. पांढरे डागही खरं कोड नव्हेतच, म्हणाले, भाजल्यावर राहतात तसले आहेत, सहा-आठ महिन्यांत रंग भरेल. भरला.

तुमच्यापैकी कुणाचे हात धंद्यापायी असे होत असतील, रंगारी असा, छापखान्यातले असा, चामडं कमावणारे असा, धुणंभांडी करणाऱ्या असा, तर डॉक्टरांनी मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. ऐका, फुकट आहे. चिमट्यानं होणारं काम बोटानं करू नका, आणि चिमट्याला हसणाऱ्याला पहिल्यांदा त्याची स्वतःची बोटं बुडवायला सांगा. कामाला बसण्याआधी अंगठ्या-बांगड्या काढा. धंद्यातलं रसायन हाताला लागलंच तर तेव्हाच्या तेव्हा साध्या पाण्यानं धुवा, काम संपायची वाट बघू नका. राख, सोडा, वाळू, चिंच हे भांड्यांसाठी असतं. हात पुसायचं फडकं वेगळं ठेवा, आणि बोटांच्या बेचक्यात ओल राहू देऊ नका. मग खोबरेल चोळा, लोणी चोळा, जे घरात असेल ते चोळा. आणि चिरलेल्या हातानं कामाला बसू नका, कारण चिरेतून सगळं आत जातं. आणि डॉक्टरनं विचारलं की काय काम करता, तर खरं काम सांगा. कुणाची अब्रू जाते की राहते ते नंतर बघा. माझे चार-पाच महिने एका शब्दानं नासले असं सगळे म्हणतात. शब्दानं पाचच आठवडे नासले. बाकीचे “घरकाम” ह्या उत्तरानं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे मला काय म्हणाले असतील? “तिथे सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?”

पुढचा महिनाभर ह्यांनीच फोटो धुतले. बोटांनी, कलावंत ना! सगळ्या सरदारांची तोंडं काजळी फासल्यासारखी आली. आणि ह्यांच्या हाताला काय झालं म्हणता? काही नाही. साधी खाजसुद्धा नाही. सगळ्यांच्याच कातडीला वैर धरता येत नाही, डॉक्टर म्हणाले होते. हे ते हात लोकांना दाखवत हिंडले, की बघा, मेटॉलनं काही होत नाही, नाजूक बायकांचं खूळ आहे. शेवटी गिऱ्हाइकं ओरडायला लागली तेव्हा बिनमेटॉलची भुकटी आली, लाकडी चिमटे आले, रबरी मोजे आले, आणि मी परत आत गेले. माझ्या पाटल्या तेव्हापासून खुंटीला. ह्यांना अजून काही झालेलं नाही.

मनूचं राहिलं. तिसऱ्या दिवशी काचेचा निकाल आला, साफ. डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली. मी ह्यांना गल्लीत उभं करून ती मोठ्यानं वाचायला लावली, आणि मग हिंदीत, रामकलीच्या समोर. हे इतक्या हळू वाचत होते की मला दोनदा “ऐकू येत नाही” म्हणावं लागलं. मग तशीच टांग्यानं दाल बाजारात गेले.

मनू ओसरीवर खेळत होती. मला बघितलं आणि चटकन उभी राहिली. आली नाही. दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक घट्ट धरले, आणि तशीच उभी राहिली. “आई आली की हात मागे,” तिनंच मला सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, “आम्ही शिकवलं. शहाणी आहे हो, दोन दिवसांत शिकली.” शहाणीच! अडीच वर्षांची पोर दोन दिवसांत हात आवरायला शिकली, आणि तिच्या बापाला सात वर्षांत बायकोच्या हातात चिमटा देता आला नाही.

मी तिला उचलायला वाकले तर मागे सरकली. रागावून नाही, नेमानं. शेवटी टांगेवाल्यानं तिला उचलून माझ्याशेजारी ठेवलं. मला रडूही आलं नाही, नुसतं आतून जळत होतं. ती सरळ बसली होती, हात पाठीमागे, पाय लोंबकळत. मी माझे हात मांडीवर ठेवले. त्यांना डॉक्टरांचं मलम चोपडलेलं होतं.

जयेंद्रगंजाकडे वळताना रस्त्यात मोठा खड्डा होता. टांगा धाडकन आदळला, मनू पुढे कलंडली, आणि शिकवलेलं सगळं विसरून तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. तेच, पाटलीखालचं. मलमानं हात निसटायला लागले तशी आणखी घट्ट धरली. खड्डा गेला, तरी सोडलं नाही.

अशा लिखाणाच्या शेवटी आभार मानतात. डॉक्टरांचे आहेतच, जन्मभर. घरच्यांपैकी कुणाचे मानावेत म्हणून मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्यांच्यापेक्षा त्या खड्ड्याचे मानते.