देठाशी नाक

आमच्याकडे अढीतला आंबा पिकला की नाही, हे नाकाने ठरवायचं काम लेकीचं, मुक्ताचं. ती कॅनडाला गेल्यापासून ते माझ्याकडे आलंय आणि ताटात रोज एखादी आंबट फोड येते. "अहो, तुमचं नाक फक्त चष्मा टेकवायला," असं ही म्हणते. खरंच आहे.

मुक्ताचं नाक मात्र आता पगार मिळवतं. तिथे गांजाची लागवड कायदेशीर आहे आणि ती खास वासासाठी त्याच्या नव्या जाती तयार करते. नातेवाइकांना मी "औषधी वनस्पती" एवढंच सांगतो.

काल तिचा फोन आला. "बाबा, आज एका नव्या रोपाचा तुरा बोटांत चोळला आणि चक्क आंब्याचा वास आला! आंब्याला वास देणारं मर्सीन यातही असतं. पण याच्या आईबापांना हा वास नव्हता रे."

किती पिढ्या गप्प राहून एखादा वास असा परक्या मातीत वर येत असेल! त्याला ना व्हिसा लागतो, ना रजा.

"यंदाही मला रजा नाही," ती म्हणाली. मग हळूच, "अढीतला एक आंबा घे ना. देठाशी नाक लाव आणि कसा वास येतोय ते सांग."

मी पेंढा सारून एक आंबा उचलला, डोळे मिटून श्वास घेतला. तिच्याकडे त्या वासातल्या प्रत्येक द्रव्याला नाव आहे. मी आपला शब्द शोधत राहिलो.

"तू ये," एवढंच तोंडून निघालं.