नानांचा बोलिव्हियाचा प्लॅन

नाना टेबलावर डाव्या हाताची मूठ ठेवायचे आणि तिच्या हाडांवरून उजवं बोट फिरवत म्हणायचे, “हे अँडीज. या दोन हाडांच्या मधे जे पठार शे ना, तिथलं तळं पाहायला आपल्याला जायचंय.” पहिल्यांदा मी नुसता त्या मुठीकडे बघत बसलो. धुळ्यात माझं यात्रांचं ऑफिस. चारधाम, अष्टविनायक, फार तर काठमांडू. बोलिव्हिया कुठं आहे हे गिऱ्हाईकानंच मला दाखवायचं, असा सगळा आनंद!

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. चोपड्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला, आता रिटायर होऊन धुळ्यात, आणि स्वतः समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. “ग्रुपबरोबर नको,” ते म्हणाले. “आम्ही नवरा-बायको दोघंच. शिंप्याकडे माप देतो तसा आमच्या मापाचा प्लॅन बनव.”

मी नऊ दिवसांचा प्लॅन बनवला. पुढच्या मंगळवारी नाना हजर. “तिथं पाणी अठ्ठ्याऐंशी अंशालाच उकळतं. डाळ शिजायची नाही. कुकर लिही.” कुकर लिहिला. त्याच्या पुढच्या मंगळवारी भरीत निघालं. म्हटलं, वांगी नेऊ की! “वांगी नेशील रे, पण कपाशीच्या काड्या? त्या पठारावर झाड नाही. गॅसवर भाजलेल्या भरताला आमची हात लावत नाही.” आता सांगायलाही लाज वाटते, पण विमानातून काड्यांची मोळी नेता येते का, हे मी अर्धा तास शोधत होतो.

सगळ्यात डोकं फिरवलं ते उंचीनं. “जरा खालून जमव ना,” नाना म्हणायचे.

“नाना, तो देशच उंचावर आहे. मी त्याला खाली कसा आणू?”

“जमव रे काहीतरी.”

जमवलं. त्या देशाच्या सखल भागातलं एक शहर काढलं. “हे तर आपलं धुळंच झालं की,” म्हणून कागद परत. त्यांना तळं हवंच होतं, तेही पावणेचार हजार मीटरच्या वरचं; पण जायचं खालून! तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? एकदा मी चिडलोच. “नाना, तुम्हाला जायचंय की नाही?”

“म्हणजे काय! जायचं तर शेच. पण अजून पक्कं करू नको.” आणि दर वेळी बदललेला कागद छापून घेऊन, नीट घडी घालून घरी न्यायचे.

दिवाळीनंतर म्हटलं, बस झालं, आता मार्गी लावू. नानांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला.

“काकू, सगळं तयार आहे. फक्त उंचीवर जाता येईल असं दोघांचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट तेवढं पाठवा.”

काकूंनी आधी दार ओढून घेतलेलं ऐकू आलं. मग म्हणाल्या, “माझं नाही मिळायचं, भाऊ. माझ्या फुप्फुसांत काही राह्यलं नाही. डॉक्टरनं उन्हाळ्यातच सांगितलं, हिला उंचावर नेऊ नका. यांनी माझ्यापासून लपवलं. पण रिपोर्ट माले वाचता येतो.”

“मग हे सगळं कशासाठी चाललंय?”

“ते तळं पाहू म्हणून मीच म्हटलं होतं. नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसेल. तुम्ही चालू ठेवा. माले माहीत शे, हे त्यासले सांगू नका.” त्यांना धाप लागली होती, थांबून पुन्हा बोलल्या. “चाळीस वर्षं हा माणूस बठ्ठं, सगळंच वर्गात बोलून यायचा. घरात तोंडाला कुलूप. आता रोज सांजेला तुमचा कागद घेऊन बसतो, एकेक दिवस समजावतो. काल चौथ्या दिवसापर्यंत आलो. प्लॅन पक्का झाला की हे संपेल ना, भाऊ.”

त्या दिवसापासून मी मुद्दाम चुका करायला लागलो. मुक्काम भलत्याच गावात टाकायचो, बसच्या वेळा उलट्यापालट्या करायचो. नाना खूश होऊन लाल पेन काढायचे. “अगदीच ढ आहेस तू!” ते काकूंना फसवत होते, काकू त्यांना, आणि मी दोघांना. आपण हा धंदा करतोय की पाप, काही समजेना. पण खरं सांगतो, एखाद्या मंगळवारी नाना आले नाहीत तर मला करमायचं नाही.

संक्रांतीनंतर नाना गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. आजारी कोण आणि गेलं कोण! मला अजूनही हे उमगत नाही.

तेरावं झाल्यावर काकू रिक्षानं ऑफिसात आल्या. दोन पायऱ्या चढून इतक्या दमल्या, की पाणी प्यायलाही थोडं थांबावं लागलं. पिशवीतून त्यांनी लाल खुणांचा कागद काढला.

“सातवा दिवस झाला होता. आठव्याला तळं शे. तेवढं सांगा.”

काठमांडूपलीकडे न गेलेला मी! कागद हातात घेतला आणि वाचायला लागलो. “सकाळी नऊला बस. रस्त्याला झाडं नाहीत. दोन तासांनी एका वळणावर डाव्या बाजूला पाणी दिसायला लागतं...” काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

“तिथं माले दम लागेल का हो, भाऊ?”

“नाही काकू,” मी म्हणालो. “नानांनी सगळं हळूहळू चढायला ठेवलंय.”

“मग वाचा पुढे,” त्या म्हणाल्या.