एका मिनिटाची तक्रार

शनिवार, दि. ११ नोव्हेंबर १९६७. पंचाविरुद्ध तक्रारीची अनामत, रुपये दहा फक्त. ही पावती रुपराव गजभिये यांच्या हातात पडली, तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली.

रुपराव कन्हानच्या मुलींच्या हायस्कुलात कवायतीचे मास्तर. घराण्यातली पहिली पगाराची नोकरी, आणि तीही कच्ची. जानेवारीतल्या तपासणीत साहेबांनी चांगला शेरा दिला तरच ते कायम होणार होते. ते साहेब म्हणजे अनंतराव देशकर. आणि नागपूरच्या त्या खो-खो स्पर्धेत शिट्टी घेऊन पंच म्हणून उभे होते, तेही अनंतरावच.

शेवटची पाळी सात मिनिटांची होती. जिंकायला कन्हानला एकच गडी बाद करायचा होता. कन्हानची प्रेमिला त्या गड्यामागे जीव तोडून धावत होती, तोच शिट्टी वाजली. रुपरावांनी मनगटाकडे पाहिलं. सहाच मिनिटं झाली होती.

"मास्तर, तक्रार लिवा," मुलींसोबत आलेली शिपाईण अंजनाबाई म्हणाली.

"बाई, हाच साहेब जानेवारीत येते. माह्या पोटावर पाय देईन तो."

"अन् पोरी रडून राहिल्या, त्यायचं काय? सोमवारी कोणत्या तोंडानं त्यायले सावधान म्हणान?"

तक्रारीला अर्ध्या तासाची मुदत. खोटी ठरली तर अनामत जप्त, खरी ठरली तर परत. रुपरावांनी लिहिलं. सही केली, दहा रुपये भरले.

स्पर्धा समितीच्या अध्यक्षा कुसुमताई, एका शाळेच्या वयस्क मुख्याध्यापिका. त्यांनी दोघांना समोर उभं केलं. अनंतरावांनी रुपरावांचं मनगट धरून घड्याळ पाहिलं आणि मोठ्याने हसले.

"अहो, हे तर पाच मिनिटं पुढे आहे! यावरून माझी चूक काढता?"

कन्हानची बस चुकू नये म्हणून रुपराव घड्याळ पुढेच ठेवत. सांगायला सोपं होतं. पण साहेबांसमोर ते नुसती पावती चाळवत राहिले. घामाने हातातली पावती ओली झाली.

दारातून अंजनाबाई बोलली, "घडी पुढं असली म्हनून मिनिट लहान होते का जी?"

खोलीत हशा पिकला. कुसुमताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अनंतरावांचाच गुणतक्ता मागून घेतला. त्यात त्यांच्याच अक्षरात होतं: पाळी सुरू चार दहा, समाप्त चार सोळा.

राहिलेलं मिनिट खेळवलं गेलं. प्रेमिलाने गडी टिपला. मुली नाचल्या, रुपराव झाडाला टेकून उभे राहिले.

त्यानंतरचे दोन महिने त्यांना अन्न गोड लागलं नाही. बायको पुष्पलता विचारी, "जेवत काहून नाही जी?" ते म्हणत, "पोट भरलं."

जानेवारीत अनंतराव आले, कवायत पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं. निघताना फाटकापाशी थांबून म्हणाले, "मास्तर, तुमची अनामत परत घेऊन जा. पंच म्हणून माझीच सही लागते."

हा टोमणा होता की सरळ बोलणं, हे रुपरावांना कळलं नाही. "येतो साहेब," ते म्हणाले.

जूनमध्ये ते कायम झाले. शेरा चांगला होता. तरीही त्या सहीसाठी अनंतरावांपुढे उभं राहण्याचा धीर त्यांना झाला नाही. आणि १९७९ साली अनंतराव निवृत्त झाले.

पावती पत्र्याच्या पेटीत आहे. समितीकडून रुपये दहा येणे बाकी आहे.