ती वाढते, मी वाढतो

मराठीत 'वाढणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आमच्या घरात ते दोन्ही लग्नापासून गुण्यागोविंदानं नांदले. बायको वाढत गेली आणि मी वाढत गेलो. शर्टाची बटणं तुटायला लागली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून शिंप्याला दोष दिला.

तिचाही इलाज नव्हता. तिचं माहेर लाटंबार्शाचं, घरची शेती. पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं तर ते ऐकू न येण्याची त्यांच्याकडे रीत आहे. हात आडवा धरला तर हाताच्या कडेनं वाढतात. ताटावर ओणवं पडावं तेव्हा कुठे सुटका होते. "इल्लेंच," असं म्हणून ती करवंटीचा दवला भाताच्या टोपात घालायची आणि भरभरून बाहेर काढायची. इल्लें म्हणजे थोडं. त्या थोड्यात एखाद्या बाळाचं पोट भरलं असतं. मीही काही बिचारा नव्हतो. 'नको नको' म्हणताना माझं ताट नेमकं तिच्याकडेच सरकलेलं असायचं.

आमच्या पेडण्याकडच्या गावात एकादशीला देवळात भजन असतं. पेटी मी वाजवतो. आधी पोटोबा मग विठोबा, तसा मी जेवून जायचो. एकदा भजन संपलं, आरतीला सगळे उभे राहिले, मी उठायला गेलो आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. शेवटी तबलजीनं आणि पुजाऱ्यानं बगलेत हात घालून मला उचललं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढच्या एकादशीला कुणीतरी मायेनं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. पेटी जमिनीवर आणि मी खुर्चीवर, म्हणजे वाजवायची काय पायांनी? मी दारातूनच परतलो आणि सर्दीचं निमित्त सांगितलं. ती सर्दी मग कित्येक एकादशा टिकली. घरी पेटीवरचं फडकंसुद्धा मी काढेनासा झालो. मला फक्त त्या सतरंजीवर बसायचं होतं आणि कुणाचा हात न घेता उठायचं होतं.

म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, गुडघे बरे आहेत, त्यांच्यावरचं ओझं तेवढं उतरवा. मी त्याच दिवशी भात सोडला. आता भाताशिवाय हुमण, म्हणजे माशांचं कालवण, कसं खायचं? वाटीनं पिऊन बघितलं. दोन दिवसांत मी चिडका झालो, ती रडवेली झाली आणि भात मानानं घरात परतला.

त्याला कारण तीच. जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "भात सोडूं नाकात तुमी. हांवच वाडपाचें सोडटां."

झालं. तिनं वाढणंच सोडलं आणि भाताचा टोप चुलीपाशीच राहू लागला. पहिल्यांदा काय हवं ते ताटात घेऊन यायचं. पुन्हा हवं तर आपण उठायचं आणि आपण घ्यायचं. मी आधी टेबलावर जेवायचो, मग डॉक्टरला विचारून बुटक्या स्टुलावर आलो आणि पुढे सरळ पाटावर. पाटावरून उठणं म्हणजे भिंत, खांब, देव, सगळ्यांचा धावा. त्या वेळी मला कळलं की माझा आळस माझ्या भुकेपेक्षा मोठा आहे. बहुतेक वेळा मी ताक पिऊन गप्प बसायचो.

पावाचंही तसंच. पदेर, आमचा पाववाला, सकाळी सायकलचा भोंगा वाजवत फाटकात यायचा आणि मी चहाच्या कपासकट त्याची वाट बघत असायचो. आता पाव हवा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला भट्टीवर चालत जायचं ठरलं. वाटेत पदेर भेटला की सायकल थांबवून दुखावल्यासारखा बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "आमचो पाव बरो लागना?" त्याच्याच भट्टीचा पाव आणायला मी चाललो होतो. हे त्याला समजावता समजावता अर्धी वाट सरली.

खरे हाल तिचे झाले. जेवता जेवता ती सवयीनं उठायची, दवला हातात घेऊन दारापर्यंत यायची आणि तशीच मागे फिरायची. कधी माझ्या ताटातलं मीठच उगाच सारखं करायची. इतकी वर्षं जे हातानं सांगितलं ते आता तोंडानं कसं सांगायचं, हे तिला उमगत नव्हतं. मला तिची फार दया यायची. तोंडानं मात्र मी आमटी खारट झाल्याचंच सांगायचो.

हळूहळू पँट कमरेवर राहीना. शहरात अशा माणसाचं कौतुक होत असेल. आमच्याकडे अंग धरलेला माणूस सुखी आणि सुकलेला माणूस दुखणाईत. शेजारीण केळी घेऊन बघायला आली. मग लाटंबार्शाहून मेहुणा आला, खांद्यावर उकड्या तांदळाचं पोतं घेऊन. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "तांदूळ सोंपले जाल्यार सांगूंक जाय आशिल्लें."

घरातले तांदूळ संपल्यामुळेच मी वाळलो, असं त्याला वाटलं होतं. रागारागानं तिनं त्याच्याच ताटात दवल्यामागून दवला भात वाढला. बिचारा निमूट जेवला.

तो गेल्यावर ती पायरीवर बसली आणि डोळे पुसू लागली. "घोवाक उपाशीं दवरता म्हणटात म्हाका." नवऱ्याला उपाशी ठेवणारी, हा ठपका तिला सोसवेना.

"मगे वाड," मी म्हटलं. खरंच म्हटलं. तिला असं बघण्यापेक्षा मला ती खुर्ची परवडली असती.

"ना," ती म्हणाली. "तुमी देवळांत वचात आदीं."

त्यानंतरच्या एकादशीला मी देवळात गेलो. खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्याकडे बघितलं नाही. सतरंजीवर मांडी घातली आणि पेटी पुढ्यात ओढली. बोटं थोडी अडखळली, पण सूर लागला. आरतीला सगळे उठले. तबलजी आणि पुजारी माझ्याकडे वळले, मी मानेनं नको म्हटलं. एक तळहात सतरंजीवर, दुसरा गुडघ्यावर, आणि सगळा जीव त्या दोन हातांत. आरती माझ्यासाठी थांबली नाही. पहिलं कडवं सरलं तरी मी अजून वाकलेलाच होतो.

तेवढ्यात नजर बायकांच्या बाजूला गेली. सगळ्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. एकटी तीच खाली होती. एक तळहात सतरंजीवर, दुसरा गुडघ्यावर, ओठ दाबलेले, डोळे माझ्यावर. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. ती माझ्याबरोबर उठत होती. मी सरळ उभा राहिलो, तेव्हाच ती उभी राहिली.